बस हवीच, पण पाणंदीतून नको

"बाई, तुम्ही जन्मभर बसनं गेलात, आणि आता तुम्हीच बसला नको म्हणताय?"

मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर परवा मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारा माझाच जुना विद्यार्थी. आता त्याची मुलगी आठवीत आहे. प्रश्न रास्त होता. तिथे दोन वाक्यांत दिलेलं उत्तर त्याला पटलं नाही आणि मलाही अपुरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी ३१ वर्षं सरकारी बसने शाळेत गेले. बेळगावजवळ, वेंगुर्ला रोडच्या आतल्या बाजूला आमचं गाव. सकाळची गाडी चुकली की सडकेवर येऊन चंदगडकडून येणाऱ्या एसटीची वाट बघायची, तीही भरून आली तर वडापात, म्हणजे खाजगी जीपमध्ये, अंग चोरून बसायचं. "मुंद होग्री, मुंद होग्री" म्हणत कंडक्टर आम्हाला पुढे सारायचा, तेव्हा एका हातात डबा, दुसऱ्यात तपासलेल्या वह्यांची पिशवी आणि आधाराला समोरच्या बाईचा खांदा. याच बसने माझी नोकरी टिकवली. आमच्या भागातल्या कितीतरी मुली दहावीच्या पुढे शिकल्या त्या बसच्या पासवर. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना लागू झाली, बायकांचा राज्यातल्या साध्या बसचा प्रवास मोफत झाला, आणि कधी एकटीने बेळगाव न बघितलेल्या बायका आठवडी बाजाराला, दवाखान्याला, माहेराला जाऊ लागल्या. बस कमी असावी असं म्हणायची माझी जीभ कधीच वळणार नाही. गर्दी वाढली, गाड्या त्या मानाने वाढल्या नाहीत, ही तक्रार मी कट्ट्यावरच्या कुणापेक्षाही जास्त वेळा केली आहे.

तरीही पाणंदीतून बस नको, असं माझं ठाम मत आहे.

पाणंद म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या गावाच्या वेशीपासून हिंडलग्याच्या अंगाला शिवारातून जाणारी ही जुनी गाडीवाट आहे, साडेतीन किलोमीटरची. दोन्ही बाजूंना भातखाचरं, बांधावर करंज, जांभूळ, मध्ये एक ओढा. पूर्वी पावसाळ्यात गुडघाभर चिखल असायचा. काही वर्षांपूर्वी गावाने मुरूम टाकून, ओढ्यावर मोरी बांधून ती नीट केली आणि दोन्ही तोंडांना लोखंडी खांब पुरले. खांबाला कुलूप आहे. भाताच्या सुगीत ट्रॅक्टरसाठी ते काढतात, सुगी संपली की परत लावतात. वर्षाचे बाकीचे दिवस या वाटेवर इंजिनाचा आवाज नसतो. सकाळी साडेआठला इथे उभं राहावं. तीन-तीन, चार-चारच्या ओळीने हायस्कूलची मुलं सायकलवरून जातात. मुली गप्पा मारत जातात, एकमेकींकडे मान वळवून. रस्त्यावर सायकल चालवताना मान वळवता येत नाही, हे ज्याने चालवली आहे त्याला कळेल. दूधवाले जातात, भाजीची पाटी घेतलेल्या बायका जातात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक काका काठी घेऊन मोरीपर्यंत जाऊन परत येतात.

आता मागणी अशी आहे: वेंगुर्ला रोडवर बस अडकते, हिंडलग्यात तर सकाळी एकाच जागी ताटकळते. मग पाणंद रुंद करून डांबरी करावी आणि तिच्यातून बस सोडावी. मुलं वेळेत पोचतील, कामगार वेळेत पोचतील. कट्ट्यावरची ही गोष्ट आता निवेदनाच्या कागदापर्यंत आली आहे. मागणी करणारे वाईट लोक नाहीत. त्यांच्या घरच्या मुली त्याच बसमध्ये लोंबकळून जातात.

पण बस कशामुळे अडकते, हे त्या निवेदनात कुठेच नाही. बससमोर सायकली असतात म्हणून ती अडकत नाही, आणि पाणंद मोकळी आहे म्हणूनही नाही. सडकेच्या दोन्ही कडांना दुकानासमोर उभ्या केलेल्या गाड्या, मधोमध एकेकटा माणूस बसलेल्या मोटारींची रांग, थांब्याच्या जागेतच उभे राहिलेले टेम्पो, यांच्यामध्ये साठ-सत्तर माणसांची बस अडकते. हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं, एकाही उभ्या गाडीला हलवायचं नाही, आणि बसलाच उचलून शिवारात नेऊन टाकायचं. सडक ज्यांनी अडवली त्यांना कुणी बोट लावायचं नाही, आणि ज्यांनी कधीच कुणाला अडवलं नाही त्या सायकलवाल्या पोरांना सांगायचं, सरका. मला यात न्याय दिसत नाही. बसमधला माणूस आणि सायकलवरचा माणूस आमच्या गावात एकाच घरातले असतात. बाप बसने कामावर जातो, मुलगी सायकलने शाळेला. त्या दोघांना एका अरुंद वाटेवरून भांडायला लावू नका.

आता मोजमापाकडे येऊ. मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे टेप घेऊन गेले. आमची पाणंद कुठे तीन मीटर आहे, कुठे चार. बसची रुंदी अडीच मीटरच्या वर असते, आरसे वेगळे. दोन बस समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडायला निदान सात मीटर डांबर लागतं. त्याच्या बाहेर पावसाचं पाणी जायला चर, आणि माणसांनी चालायचं असेल तर आणखी जागा. म्हणजे आजच्या वाटेच्या दुप्पट-तिप्पट. ती बांधावरची झाडं काढून आणि दोन्हीकडच्या खाचरांतून घ्यावी लागेल.

लोक म्हणतात, सुरुवातीला दिवसाला सहाच फेऱ्या. सहा फेऱ्यांसाठी साडेतीन किलोमीटरचा नवा रस्ता कशाला? त्या सहा फेऱ्या आहे त्याच सडकेवरून अर्धा तास आधी सोडल्या तरी मुलं वेळेत पोचतील. आणि खरोखर उपयोगी बससेवा हवी असेल, दर दहा मिनिटांना एक, तर दोन्ही दिशांच्या मिळून तासाला बारा गाड्या झाल्या. दर पाच मिनिटांना एक बस पाणंदीतल्या प्रत्येक माणसाला कडेला करत जाणार. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस एका सेकंदात ११ मीटर पुढे येते, आणि भरलेली बस पंधरा-सोळा टनांची असते. चौदा वर्षांच्या मुलीने त्या वेळी मैत्रिणीकडे मान वळवलेली असू नये, एवढीच अपेक्षा मग आपण तिच्याकडून ठेवायची का?

अजून एक गोष्ट निवेदन लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. बस लोकांजवळून गेली तरच लोकांच्या कामाची. सडकेला हायस्कूल आहे, दवाखाना आहे, बँक आहे, दोन वाड्यांचे फाटे आहेत, शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या कामगारांचे थांबे आहेत. पाणंदीत भात आहे. बस पाणंदीतून गेली तर त्या दोन वाड्यांच्या बायका कुठे उभ्या राहणार? त्यांना तीच जुनी, त्याच गर्दीत अडकलेली एखादी गाडी उरेल, किंवा तीही बंद होईल.

यापुढचं लिहिताना मला जड जातं. खांब पुरण्याच्या आधीची गोष्ट आहे. तेव्हा पाणंद चिखलाची होती आणि मुलं सडकेवरूनच सायकलने जात. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना मोफत सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या वर्गात सायकली आल्या त्या दिवशीचा आनंद मी विसरू शकत नाही. मुली शाळेच्या पटांगणात गोल गोल फिरत होत्या, पडत होत्या, पुन्हा चढत होत्या. त्यातली एक हुशार मुलगी, वडील नव्हते, आई मोलमजुरी करायची. एका सकाळी सडकेवर मागून आलेल्या टेम्पोचा धक्का तिच्या हँडलला लागला. जीव वाचला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. चार महिने ती घरी होती, आणि चार महिन्यांनी आई म्हणाली, आता कशाला, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष आलंच नाही. मी घरी तीनदा गेले. तिची सायकल परसात उभी होती, मडगार्ड वाकलेलं. सरकारने सायकल दिली होती, पण ती चालवायला जागा कुणीच दिली नव्हती. गावाने मुरूम टाकला, खांब पुरले, तेव्हा ती जागा झाली. पाणंदीतल्या खांबाकडे मी अडथळा म्हणून बघूच शकत नाही, त्याचं कारण हे आहे.

म्हणून कुणी "पाणंद रिकामीच तर असते" म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो. दुपारी बारा वाजता जाऊन बघितलं तर रिकामी दिसेलच. शाळेचं पटांगणही दुपारी बारा वाजता रिकामं असतं, मुलं वर्गात असतात म्हणून. त्या रिकामेपणातच तिचा उपयोग आहे. तिथे मोटार नाही म्हणून नऊ वर्षांचं पोर आजोबांना डबा द्यायला एकटं जाऊ शकतं. त्या मोकळेपणाला आपल्याकडे भाव नाही, सात-बारावर त्याची नोंद होत नाही, आणि म्हणून जिथे काही करायचं असेल तिथे पहिलं बोट त्याच जागेकडे जातं.

हे आमच्याच गावात घडतं असंही नाही. माझा भाचा काही वर्षं इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलला होता. तिथून बाथ नावाच्या शहरापर्यंत सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी एक वाट आहे, सुमारे २१ किलोमीटरची. मुळात तो रेल्वेमार्ग. १९६० च्या दशकात तिथली प्रवासी गाडी बंद झाली, रूळ निघाले, पट्टा ओसाड पडला. १९७७ मध्ये ब्रिस्टॉलच्या काही सायकलप्रेमींनी एक गट काढला आणि १९७९ ते १९८६ या काळात, बरंचसं काम स्वयंसेवकांच्या हातांनी, त्या पट्ट्याची वाट केली. याच गटातून पुढे सस्ट्रान्स नावाची मोठी संस्था उभी राहिली आणि देशभर अशा वाटांचं जाळं झालं. भाचा सांगायचा, त्या वाटेवर जुना रेल्वेचा बोगदा आहे, त्यात आत दिवे आहेत, आणि संध्याकाळी माणसं त्यातून सायकलने कामावरून घरी जातात.

२००८ मध्ये तिथल्या प्रशासनांच्या एका संयुक्त मंडळाने याच वाटेचा शहराकडचा भाग जलद बससाठी वापरायचा बेत पुढे आणला. त्यामागचं कारण ओळखीचं वाटेल. शहराच्या ईशान्येला एमर्सन्स ग्रीन भागात नवी वस्ती वाढली होती, तिथून शहरात यायला रस्ते भरलेले, आणि ही वाट मात्र सलग, सपाट, मोकळी, सरकारच्या हातातली. शेजारी सायकलींनाही थोडी जागा ठेवू, असं सांगितलं गेलं. लोक पेटून उठले. हजारोंनी सह्या केल्या, मुलाबाळांसह वाटेवर उतरले. बसला विरोध करणारे म्हणून त्यांच्यावर आरोप झाले, आणि त्यांनी तेच सांगितलं जे मी सांगते आहे: बस आम्हालाही हवी, पण ती मोटारींच्या रस्त्यातून जागा काढून आणा. बेत मागे घेतला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिस्टॉलला इंग्लंडचं पहिलं 'सायकल शहर' म्हणून निवडण्यात आलं.

पुढे काय झालं ते आमच्या गावाने नीट ऐकावं. २०१८ मध्ये एमर्सन्स ग्रीनला जलद बस पोचली. ती गेली हमरस्त्याने, जिथे मोटारी जातात तिथून, बससाठी वेगळ्या लेन काढून. वाट होती तशीच राहिली. दोन्ही गोष्टी शक्य होत्या. २००८ मध्ये "दुसरा मार्गच नाही" असं जे वाटत होतं ते दहा वर्षांत खोटं ठरलं. लोकांनी त्या वर्षी मान डोलावली असती तर वाट गेली असती, आणि गेलेली वाट कुणी परत आणून दिली नसती.

"मग शेजारी-शेजारी करू, मध्ये कठडा घालू" असं म्हणणाऱ्यांसाठी इंग्लंडमधलंच दुसरं उदाहरण आहे. केंब्रिजजवळ जुन्या रेल्वेमार्गावर काँक्रीटच्या खास वाटेतून धावणाऱ्या बस २०११ मध्ये सुरू झाल्या. त्याच्या कडेने सायकलची वाटही आहे, लोक ती भरपूर वापरतात. बससेवा म्हणून तो प्रयोग चांगला चालला, हे कबूल करायला हवं. पण त्या मार्गावर २०१५, २०१८ आणि २०२१ मध्ये तीन माणसं बसखाली दगावली. त्यातला एक सायकलस्वार होता, सायकलवाटेच्या उंच कडेला चाक लागून तो बसच्या वाटेत पडला. २०२५ मध्ये तिथल्या कौंटी कौन्सिलला न्यायालयाने ६० लाख पौंडांचा दंड केला. तो देश नियमांना आपल्यापेक्षा जास्त मानतो, तिथले चालक शिकवलेले, खुणा रंगवलेल्या, आणि तरी हे झालं. आमच्या पाणंदीत तर कठडा घालायलाही जागा नाही.

इकडे हुबळी-धारवाड बघा. जेमतेम दोन तासांवर. तिथे साधारण २२ किलोमीटरचा बस मार्ग झाला, २०१८ च्या ऑक्टोबरपासून 'चिगरी' बस धावू लागल्या. त्या मार्गात उणिवा आहेत, पाऊस पडला की काय होतं यावर तिथले लोक तासभर बोलतील, बसच्या लेनमध्ये आमच्याही गाड्या सोडा अशी ओरड तिथेही होते. पण एक निर्णय तिथे बरोबर घेतला गेला. दोन्ही शहरांना जोडणारा मुख्य रस्ता, जिथे माणसं आहेत तो, रुंद केला आणि त्याच्या मधोमध बसला जागा दिली. आडवाटेची पाणंद शोधली नाही.

बसला मोटारींच्या रस्त्यात जागा देणं राजकारणाला जड जातं, हे मला माहीत आहे. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद असा बसचा पट्टा सुरू झाला. मोटारवाल्यांनी पहिल्या दिवसापासून गहजब केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०१२ मध्ये न्यायालयाने बसची लेन बससाठीच ठेवली. तरी २०१६ मध्ये तो पट्टा उखडला गेला. पुण्यात २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज-हडपसर मार्गावर बस लेन आणि कडेने सायकल ट्रॅक झाले. त्या ट्रॅकवर पुढे दुचाक्या उभ्या राहिल्या, टपऱ्या लागल्या, आणि एके काळचं सायकलींचं शहर आज सायकल चालवायला घाबरतं. मोटारवाल्यांचा आवाज मोठा, म्हणून अधिकारी आणि पुढारी जिथे आवाज उठणार नाही अशी जागा शोधतात. आठवीतली मुलगी निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जात नाही. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलं आहे की रस्त्याची जागा वाहनांकडे बघून नव्हे, माणसांकडे बघून वाटावी. वीस वर्षांनी आपण त्या एका ओळीचा अर्थ असा लावायचा का, की मोटारींना आहे ते सगळं, आणि बस व सायकल यांनी उरलेल्या तीन मीटरमध्ये भागवून घ्यावं?

जमिनीबद्दल थोडं बोलायलाच हवं. आमच्या भागाने हलगा-मच्छे बायपासचा लढा जवळून पाहिला आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातली बेळगावी बासमतीची सुपीक जमीन रस्त्यात जाऊ नये म्हणून तिथले शेतकरी वर्षानुवर्षं शिवारात आणि कोर्टात उभे राहिले. यंत्रं उभ्या पिकात घुसली तेव्हा बायका पुढे झाल्या. तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो की सुपीक जमीन म्हणजे मोकळी जागा नव्हे. आज आमच्याच शिवारातली दोन्ही बाजूंची पट्टी पाणंदीसाठी घ्यायची वेळ आली की तो विचार कुठे जातो? आणि सात मीटर डांबर पडलं की त्यावर फक्त बस धावेल, असं कट्ट्यावरच्या कुणाला मनापासून वाटतं का? खांब एकदा निघाले की आठवड्यात वडाप सुरू होईल, महिन्यात वाळूचे टिप्पर येतील, आणि वर्षात बांधाबांधावर प्लॉटच्या पाट्या लागतील. पाणंदीची मागणी करणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांच्या मनात हे नाही, याची मला खात्री आहे. पण रस्ता झाल्यावर त्याचं काय करायचं हे ते ठरवणार नाहीत.

एका आक्षेपापुढे मात्र मी थांबते, कारण तो खरा आहे. माझ्या शेजारची मुलगी बेळगावात खाजगी क्लासला जाते. ती म्हणाली, "बाई, सकाळी पाणंद छान, पण संध्याकाळी सातनंतर मी नाही जात. भीती वाटते. बस असती तर निदान माणसं तरी असती." तिचं म्हणणं मी डोक्यातून काढू शकले नाही. अंधारात साडेतीन किलोमीटर शिवारातून एकट्या मुलीने यावं असं मीही म्हणणार नाही. तिला आज संध्याकाळी सडकेवरून, माणसांनी भरलेली, हवी तेव्हा सुटणारी बस मिळायला हवी, आणि तिच्यासाठी मी कितीही वेळा डेपोत जायला तयार आहे. पण पाणंदीतून बस गेली तरी ती तिच्या शेजारून वीस सेकंदांत निघून जाईल, मागे अंधार तसाच राहील, फक्त आता कडेला उडी मारायची जागाही नसेल. पाणंदीला दिवे हवेत. सौरदिवे लावायला सात मीटर डांबर लागत नाही. मोरीजवळ आणि दोन्ही खांबांजवळ दिवे, झुडपं वेळेवर छाटणं, आणि संध्याकाळी गावातल्या मोठ्या माणसांनी फिरायला त्याच वाटेवर येणं. माणसांमुळेच वाट सुरक्षित होते, हे तिचं म्हणणं बरोबरच आहे.

"फक्त सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास बस सोडू, बाकी वेळ सायकली," हा तडजोडीचा प्रस्तावही आला. ते दोन-दोन तास शाळा भरायचे आणि सुटायचेच आहेत. त्यावर आणखी काय लिहायचं?

मग सडकेवर काय करायचं, हे मलाही विचारलं गेलं, आणि नुसता विरोध करून घरी जाणं मला पटत नाही. हिंडलग्यात सडकेच्या कडेची गाड्यांची रांग सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात बंद करा. एवढ्यानेच बसचा किती वेळ वाचेल हे पंधरा दिवस करून बघा, एक रुपयाचं डांबर न टाकता. थांबे सडकेच्या बाहेर आत वळवून काढा, जिथे जागा आहे तिथे. शाळेच्या वेळेला एक जादा गाडी द्या. चंदगडकडून येणाऱ्या एसटी आणि आमच्याकडच्या गाड्या एकाच वेळी पुढेमागे येतात आणि मग पाऊण तास काहीच येत नाही. दोन राज्यांच्या आगारांनी एकदा एकत्र बसून वेळा लावल्या तर सीमेवरच्या माणसाचं अर्धं दुःख कमी होईल. सीमा कागदावर असेल, थांब्यावर उभ्या राहणाऱ्या बाईसाठी ती नसते. आणि सडक रुंद करायचीच असेल तर सडकच करा, आणि वाढलेली जागा पहिल्यांदा बसला द्या, मोटारी उभ्या करायला नको.

शिवाय जे काही ठरेल त्याची नोटीस मराठीतही लागावी. मागे रस्त्याच्या एका कामाची नोटीस फक्त कन्नडमध्ये लागली होती. गावातल्या अर्ध्याअधिक शेतकऱ्यांना आपला बांध त्यात आहे हे मुदत संपल्यावर कळलं. मी कन्नड वाचते, मला कुणाच्या भाषेशी वैर नाही. पण ज्याची जमीन आणि ज्याचं मूल, त्याला कळेल अशा भाषेत विचारल्याशिवाय त्याची संमती धरू नये.

येत्या ग्रामसभेत हा विषय येणार आहे. मी मोजमापाचा कागद घेऊन जाणार आहे: दर शंभर मीटरला पाणंद किती रुंद, कुठे झाड, कुणाचा बांध, मोरीची रुंदी किती. मोजायला आठवी-नववीची सहा मुलं आली होती. टेपचं एक टोक धरून एक मुलगी बांधावर उभी होती, आणि सायकलवरून येणारे दोघे उतरून, टेपखालून वाकून, हसत पुढे गेले. कट्ट्यावर मला प्रश्न विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला मी सांगितलं आहे की सभेला येताना त्याच्या मुलीलाही घेऊन ये. तो म्हणाला, तिची परीक्षा आहे. मी म्हटलं, सभा सहाला आहे, आणि ती पाणंदीतून सायकलने आली तर पंधरा मिनिटांत पोचेल.